पेट्रोलच्या रांगेलाही जात असते

1 जानेवारी 2024. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन आम्ही अकरा जण रात्री आर्वीच्या परतीला लागलो. गाडी भाड्याची क्रूझर, वर्गणी काढून केलेली. जाण्या-येण्याच्या डिझेलचा हिशेब वहीत लिहिलेला होता आणि त्यात पन्नास रुपये इकडचे तिकडे करण्याची सोय नव्हती. 2 तारखेच्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या आसपास पहिल्या पंपावर गाडी लावली, तर 'डिझेल शिल्लक नाही' अशी पाटी. दुसऱ्या पंपाची रांग थेट रस्त्यावर आलेली. तिसऱ्या पंपाला दोरी बांधून माणूस खुर्ची टाकून बसलेला. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर बाहेर पडलेच नव्हते. चालकांनी स्टेअरिंग सोडलं होतं.

गाडी रिझर्व्हला लागली होती. एका ढाब्यावर आम्ही दिवस काढला, रात्रही काढली. सोबतची एक ताई आर्वीच्या एका दवाखान्यात कंत्राटावर साफसफाईचं काम करते. तिची दोन दिवसांची मजुरी गेली, वर 'न सांगता सुट्टी मारली' म्हणून बोलणी बसली ती वेगळीच. 3 तारखेला संध्याकाळी घरी पोचलो, तर आर्वीतही तेच चित्र. रस्त्यापर्यंत गाड्या, हातात कॅन, तोंडात शिव्या. शिव्या कोणाला? सरकारला नाही. ट्रकवाल्यांना!

त्यानंतर दीड वर्षात असे दिवस आणखी दोनदा आले. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्यापासून पेट्रोल बंद' फिरलं आणि पुरेसा साठा आहे, गर्दी करू नका, असं इंडियन ऑइलला 9 मे रोजी जाहीर करावं लागलं. आणि जून 2025 मध्ये इस्रायल-इराण युद्ध पेटलं. 22 जूनला इराणच्या संसदेने होर्मुझची सामुद्रधुनी बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. जगातल्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा तेव्हा त्या चिंचोळ्या पाण्यातून जात होता आणि आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. 24 जूनला युद्धबंदी झाली, सामुद्रधुनी उघडीच राहिली. पण त्या दोन दिवसांत आमच्याकडच्या पंपावर काय झालं, ते आम्ही पाहिलं. म्हणून हा लेख. कारण पुढची टंचाई येणार आहे. कधी, एवढाच प्रश्न आहे.

रांगेत जात कुठून आली?

शीर्षक वाचून काही जण म्हणतील, 'तुम्हा लोकांना सगळीकडे जातच दिसते. पंपावर कोणी जात विचारतो का?'

नाही विचारत. पंपावर फक्त 'कितीचं टाकू?' एवढंच विचारतात. आणि त्या एका प्रश्नाच्या उत्तरात या समाजाची सगळी उतरंड बसलेली आहे.

टंचाईच्या दिवशी रांगेत पहिला येतो तो मोठ्या गाडीवाला. त्याला बातमी आधी कळते, कारण त्याच्या ओळखी वरपर्यंत असतात. तो टाकी फुल्ल करतो. त्याच्या पाठोपाठ त्याच्या घरातली दुसरी गाडी येते. ती रिझर्व्हला नसते, अर्धी भरलेलीच असते, तरी फुल्ल होते. दुसरा येतो दुचाकीवाला, दोनशे रुपयांचं टाकणारा. पंपावर असेल तर त्याला मिळतं. आणि तिसरा येतो तो बाटली घेऊन. त्याला 'बाटलीत देत नाही, नियम आहे' म्हणून परत पाठवतात.

हा बाटलीवाला कोण? फवारणीचा पेट्रोल पंप पाठीला बांधून दुसऱ्याच्या शेतात राबणारा मजूर. गाडी वाटेत बंद पडली म्हणून चार किलोमीटर पायी आलेला आमचा पोरगा. नियम सुरक्षेचा आहे, तो चुकीचा नाही. पण त्या नियमाची धार कोणाला लागते? ज्याच्याकडे टाकी आहे, त्याला साठा करायला कायद्याची आडकाठी नाही. त्याची टाकी हाच त्याचा साठा! ज्याच्याकडे टाकी नाही, त्याची बाटली मात्र गुन्हा.

मग तो बाटलीवाला गावातल्या किराणा दुकानात जातो. तिथे पेट्रोल मिळतं, पण लिटरमागे दहा-वीस रुपये चढवून. म्हणजे सर्वांत गरीब माणूस सर्वांत महाग पेट्रोल घेतो. पंपाच्या फलकावरचा भाव हा पंपापर्यंत पोचणाऱ्यांचा भाव आहे. वस्तीचा भाव वेगळाच असतो. आणि गावात पंपापर्यंत पोचणारे कोण, दोन गाड्यांचे मालक कोण, पाठीवर फवारणीचा पंप कोणाच्या, हे आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही गावात जाऊन मोजा. जात विचारावी लागणार नाही, ती आपोआप दिसेल.

'पेट्रोल हा आपला प्रश्नच नाही'

आता थोडं आपल्याच लोकांशी बोलू. चळवळीतल्या काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांपुढे आम्ही हा विषय काढला, तेव्हा उत्तर मिळालं की पेट्रोलची भाववाढ हा मध्यमवर्गाचा रडगाण्याचा विषय आहे. आपले प्रश्न अत्याचाराचे, आरक्षणाचे, शिष्यवृत्तीचे.

आम्ही आदराने असहमत आहोत.

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा काढून वाचा. पहिलीच आठवण कशाची आहे? प्रवासाची! 1901 साली नऊ वर्षांचा भीमा भावंडांसोबत मसूरच्या स्टेशनवर उतरतो. वडिलांना भेटायला कोरेगावला जायचं असतं. मुलं महारांची आहेत हे कळल्यावर एकही बैलगाडीवाला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडं ठरतं आणि तेही या अटीवर की गाडी मुलांनी स्वतः हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार. 1929 साली चाळीसगावला बॅरिस्टर झालेले बाबासाहेब स्टेशनवर उतरतात, तरी टांगेवाले त्यांना घेऊन जायला तयार नसतात. मग वस्तीतलाच एक माणूस टांगा हाकतो, ज्याला टांगा हाकण्याची सवय नाही. अपघात होतो, बाबासाहेब फरशीवर आदळून जबर जखमी होतात.

दुप्पट भाडं हा शब्द लक्षात ठेवा मित्रांनो. अस्पृश्याच्या प्रवासाची किंमत या देशात नेहमीच जास्त होती. आज ती जातीचं नाव घेऊन वसूल होत नाही, एवढाच फरक.

बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडायला सांगितलं. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवाची जी चिरफाड केली, ती आपल्याला पाठ आहे. 1956 नंतर आपल्या आजोबांनी गावकीची कामं टाकली. मेलेली ढोरं ओढणं सोडलं, येसकरकी सोडली. पण गावातलं काम सोडल्यावर जमीन काही मिळाली नाही. मग पोट भरायचं कुठे? गावाबाहेर. आर्वीच्या बाजारात, पुलगावला, वर्ध्याच्या एमआयडीसीत, नागपूरला. घर गावाच्या टोकाला आणि काम तीस-पन्नास किलोमीटरवर, हीच आमच्या पिढीची अवस्था आहे. हे मधलं अंतर कशाने भरून निघतं? पेट्रोलने!

वस्तीतल्या पोराने हप्त्यावर घेतलेली सेकंडहँड गाडी ही चैन नाही. ती त्याची गावकीतून झालेली सुटका आहे. त्या गाडीमुळे तो पाटलाच्या सालदारकीला न जाता प्लंबरचं काम करतो, सेंट्रिंगला जातो, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतो. तिच्या समोर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेलं असतं आणि ते काहींच्या डोळ्यांत का खुपतं, हेही आपल्याला माहीत आहे. ती गाडी बंद पडली की पोरगा परत गावच्या चौकात येऊन बसतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाड्यावरून त्याला बोलावणं येतं. म्हणून पेट्रोल हा आपला प्रश्न आहे.

आणि पहिली झळ कोणाला बसते ते सांगतो. आमच्या ओळखीचं एक घर आहे. बाप हातठेल्यावर भाजी विकतो. मुलगी रोज वर्ध्याला नर्सिंगच्या कोर्सला जायची. गावातून आर्वीपर्यंत भावाच्या गाडीवर, पुढे एसटीने. महिन्याचा खर्च वाढला तेव्हा घरात बैठक बसली. बापाचा ठेला बंद होऊ शकत नव्हता. भावाच्या कामाची गाडी थांबू शकत नव्हती. मग काय थांबलं? मुलीचं जाणं! तिला कोणी 'शिकू नको' म्हटलं नाही. 'थोडे दिवस थांब, भाव उतरू दे' म्हटलं. भाव उतरले नाहीत. कोर्स सुटला. सावित्रीमाईच्या लेकीचं शिक्षण आता घरातला पुरुष थांबवत नाही, लिटरचा भाव थांबवतो.

शंभरातले चाळीसहून अधिक कोणाच्या खिशात?

'आंतरराष्ट्रीय बाजारात तेल महागलं, सरकार काय करणार?' हे उत्तर आपल्याला इतक्यांदा ऐकवलं गेलं आहे की आपणही ते खरं मानू लागलो. थोडा हिशेब करू.

2025 साली एका लिटर पेट्रोलवर केंद्राचा उत्पादन शुल्काचा वाटा 21 रुपये 90 पैसे होता. त्यावर राज्याचा 25 टक्के व्हॅट. हा व्हॅट नुसत्या तेलावर नाही, केंद्राच्या करावरसुद्धा लागतो, म्हणजे करावर कर! वर लिटरमागे पाच रुपयांपेक्षा जास्त अधिभार. सगळं मिळून तुमच्या शंभर रुपयांतले चाळीसहून अधिक रुपये करात जात होते. 2015 साली दुष्काळाच्या नावाने राज्याने लिटरमागे 2 रुपये चढवले होते. दुष्काळ कोणाचा आणि पैसे कोणाकडून? दुष्काळात होरपळणाऱ्या मजुरानेही तेच दोन रुपये भरले.

आता तारखा बघा. 20 सप्टेंबर 2019 रोजी केंद्राने कंपन्यांवरचा कर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आणला. नव्या कारखान्यांना तर 15 टक्के. त्यातून वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असं सरकारनेच सांगितलं. त्यानंतर आठ महिनेही झाले नाहीत तोच 2020 च्या मे महिन्यात, कच्चं तेल कोसळलेलं असताना आणि देश टाळेबंदीत असताना, पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये शुल्क एका रात्रीत वाढवलं गेलं. तेल स्वस्त झालं, त्याचा फायदा आपल्यापर्यंत पोचू दिला नाही. वरून सोडलेला कर खालून वसूल झाला.

हेच पुढे पुन्हा झालं. एप्रिल 2025 मध्ये कच्च्या तेलाचे भाव उतरले, तेव्हा पंपावरचा भाव कमी करण्याऐवजी शुल्क 2 रुपयांनी वाढवलं. त्याच वेळी घरगुती सिलिंडर 50 रुपयांनी महागला, उज्ज्वला योजनेतल्या बायांचासुद्धा.

आणि बाजाराचा नियम म्हणाल, तर जून 2017 पासून पेट्रोलचे भाव रोज बदलतात, असं सांगितलं जातं. मग नोव्हेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात, उत्तर प्रदेशच्या निवडणुका होईपर्यंत, भाव जागचे हलले कसे नाहीत? आणि निकाल लागल्यावर 22 मार्चपासून पंधरा-सोळा दिवसांत लिटरमागे दहा रुपये कसे चढले? आंतरराष्ट्रीय बाजाराला आपल्या मतदानाची तारीख कळते काय?

एकाच पक्षाला शिव्या द्यायला आम्ही बसलेलो नाही. पेट्रोलवरचं सरकारी भावनियंत्रण 2010 साली काँग्रेस आघाडीने काढलं, डिझेलवरचं 2014 साली भाजप आघाडीने. झेंडे वेगळे, रस्ता एक.

या कराचा खरा अन्याय बाबासाहेबांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी दाखवून ठेवला आहे. 1927 साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्याच्या मुळावरच बोट ठेवलं. आयकर भरताना माणसाची ऐपत पाहतात, ठरावीक मिळकतीखाली कर माफ असतो. शेतसारा मात्र एकरभर जमीनवाल्यालाही सुटत नाही आणि शेकडो एकरवाल्यालाही त्याच दराने. हा न्याय नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पेट्रोलवरचा कर हा आजचा शेतसारा आहे. तीस लाखांच्या गाडीत बसणारा लिटरमागे जेवढा कर भरतो, तेवढाच मजुराची गाडी भरते. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 साली दिवसाला 312 रुपये होती. दिवसभर खड्डे खणा आणि जेमतेम तीन लिटर पेट्रोल घ्या! त्यातलं जवळपास दीड लिटर सरकारचं.

'पण हा पैसा शेवटी विकासालाच जातो ना?' असं विचारणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. केंद्राच्या त्या 21 रुपये 90 पैशांपैकी राज्यांसोबत वाटून घ्यावा लागणारा मूळ शुल्काचा भाग किती होता? फक्त 1 रुपया 40 पैसे. बाकीचा सगळा उपकर आणि अधिभार. तो संविधानाच्या कलम 270 नुसार वाटपातून बाहेर राहतो. म्हणजे आर्वीच्या मजुराने भरलेला कर दिल्लीला जातो आणि महाराष्ट्राच्या शाळेला, वसतिगृहाला, दवाखान्याला त्यातला हक्काचा वाटा जवळजवळ काहीच मिळत नाही. 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती' हा ग्रंथ बाबासाहेबांनी 1925 साली प्रसिद्ध केला, तो केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या पैशाच्या याच नात्यावर. आपण त्यांचे पुतळे उभारले, पण ते ज्या विषयाचे डॉक्टर होते तो विषय मात्र सोडून दिला.

चालायला सांगणारे

टंचाई आली, भाव वाढले की उपदेशकांचं पीक येतं. 'सायकल वापरा, तब्येत सुधारेल.' 'चाला.' 'आपल्या पूर्वजांकडे बंड्याच होत्या, काय अडलं?' 'देशासाठी थोडं सोसा.'

आमचा जिल्हा सेवाग्रामचा. साधेपणाचे धडे आम्हाला कोणी द्यायला नकोत, ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने गिरवले आहेत. 1945 साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा हिशेब मांडताना बाबासाहेबांनी या यंत्रविरोधी विचाराचा समाचार घेतला होता. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांकडे ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, आणि यंत्र नाकारणं म्हणजे गरिबाला कायम ढोरमेहनतीत ठेवणं आहे, हा त्यांचा मुद्दा होता. ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत त्याने एक दिवस सायकल चालवली तर ती बातमी होते. ज्याने आयुष्यभर सायकल चालवून आता कुठे गाडी घेतली, त्याला पुन्हा सायकलवर बसायला सांगणं हा त्याग नाही, ती परतपाठवणी आहे.

बैलगाडीचंच बोलायचं तर इतिहासात आणखी एक बैलगाडी आहे. नोव्हेंबर 1973 मध्ये पेट्रोलच्या भाववाढीच्या निषेधात जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. फोटो देशभर गाजला. त्याच परंपरेतल्या सरकारने 2020 मध्ये एका रात्रीत 10 आणि 13 रुपये वाढवले, तेव्हा ती बैलगाडी कुठे गेली? एक बैलगाडी 1901 ची, जिच्यात बसायला आपल्याला दुप्पट भाडं पडलं. एक 1973 ची, जी फोटोपुरती होती. आपण कोणत्या बैलगाडीचे वारस आहोत, हे विसरू नये.

आणि चालण्याचं म्हणाल, तर 2020 च्या उन्हाळ्यात तळेगावजवळ नागपूर-अमरावती महामार्गावर आम्ही पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होतो. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, पायात फाटक्या चपला घेऊन माणसं चालत होती. ज्या महिन्यात डिझेलवर 13 रुपये वाढले, त्याच महिन्यात ही माणसं चालत होती. चालणं म्हणजे काय, ते त्यांना विचारा.

आमच्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, विरूळला त्याचा इंटरचेंज आहे. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. तीनचाकीला बंदी आहे. वेगवान रस्त्यावर ही बंदी सुरक्षेसाठी आहे, मान्य. मग गावाच्या रस्त्याचं काय? लिटरमागे 'रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर' म्हणून 5 रुपये आमचा दुचाकीवाला 2025 सालीही भरत होता. समृद्धी त्या पैशातून बांधला असं आम्ही म्हणत नाही, त्याचा निधी वेगळा. आम्ही एवढंच विचारतो की ज्याच्याकडून रस्त्याचे पैसे घेता, त्याच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ते कधी दिसणार?

ढाब्यावरची रात्र

आता त्या रात्रीकडे परत येऊ. ढाब्यावर पंधरा-वीस ट्रक उभे होते आणि आम्हीही चालकांवर चिडलेलो होतो. रात्री शेकोटीपाशी एक जण आमच्याजवळ येऊन बसला. आमच्या गाडीवरचा निळा झेंडा बघून 'जय भीम' म्हणाला. आपल्याच यवतमाळकडचा निघाला. आम्ही म्हटलं, 'भाऊ, तुमच्यापायी आम्ही अडकलो ना.' तो म्हणाला, 'दादा, अपघात झाला अन्‌ थांबलो त लोकं मारून टाकते. पळालो त आता दहा वर्षं. मालकाचं काहीच जात नाही. तुम्ही सांगा, म्या काय करू?'

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये अपघात करून पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जुन्या कायद्यात निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला दोन वर्षांपर्यंत होती. रस्त्यावर मरणारी माणसंही आपलीच असतात, पायी आणि दुचाकीवर जाणारी. म्हणून पळून जाणाऱ्याला शिक्षा नको, असं आम्ही म्हणणार नाही. पण कायदा करताना चालकाला विचारलं का? त्याला सलग किती तास गाडी चालवायला लावतात, झोप किती देतात, जमावापासून वाचवणार कोण, हे प्रश्न कायद्यात कुठे आहेत? 2 जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलून आश्वासन दिलं, की हे कलम लागू करण्याआधी चर्चा होईल. 1 जुलै 2024 रोजी नवे कायदे लागू झाले तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. म्हणजे चालकांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. मग आधीच का नाही ऐकलं? कारण जोवर रांग लागत नाही, तोवर स्टेअरिंगवर बसलेला माणूस कोणाला दिसतच नाही.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. मजूर, मालक आणि सरकार यांनी एका टेबलावर बसून बोलायचं, ही पद्धत त्यांनी रुजवली. त्या टेबलावर ट्रकचालकाची खुर्ची अजून रिकामी आहे. आणि पंपावरच्या रांगेत उभं राहून त्याला शिव्या देणाऱ्यांत आपली पोरंही होती, याची आम्हाला लाज वाटते.

आपलाही थोडा हिशेब

होय, आपली पोरंही. मे महिन्यात 'उद्यापासून पेट्रोल बंद' हा मेसेज आमच्याच बुद्धविहाराच्या ग्रुपवर तीन वेळा आला. पाठवणारे पदवीधर होते. तो वाचून लोक घराबाहेर पडले, आणि ज्यांना खरंच गरज होती त्यांच्या आधी रांगेत उभे राहिले. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून घरात, चुलीजवळ पेट्रोल ठेवणारेही आम्ही पाहिले. एक ठिणगी पडली तर वस्ती जळेल!

तथागतांनी कालामांना सांगितलं, ऐकीव आहे म्हणून मानू नका, तपासून बघा. पंचशील घेणाऱ्याने निदान एक फॉरवर्ड तपासून बघू नये काय? आणि साठा करणं म्हणजे काय? माझ्या शेजाऱ्याच्या वाट्याचं मी आधीच उचलून ठेवणं. ज्या समाजाला शतकानुशतकं पाणवठ्यावर शेवटी उभं केलं गेलं, त्याने तरी दुसऱ्याला रांगेतून मागे ढकलू नये.

मागायचं काय?

निव्वळ 'भाव कमी करा' म्हणून निवेदन देऊन, फोटो काढून घरी येण्यात अर्थ नाही. आमच्या मते मागण्या नेमक्या हव्यात.

पहिली, टंचाई आली की पहिल्याच दिवशी प्रत्येक वाहनाला मर्यादा घाला. हे अशक्य नाही. 2 जानेवारी 2024 रोजी चंडीगड प्रशासनाने दुचाकीला 2 लिटर आणि चारचाकीला 5 लिटर अशी मर्यादा घातली होती. 2022 मध्ये श्रीलंकेने क्यूआर कोडवर आठवड्याचा कोटा दिला, सुरुवातीला दुचाकीला 4 लिटर आणि कारला 20 लिटर. तिथेही कारला पाचपट मिळालं हे लक्षात घ्या, म्हणजे कोटा ठरवणाऱ्या टेबलावर आपण असणं किती गरजेचं आहे ते कळेल. दुसऱ्या महायुद्धात आपल्याच देशात पेट्रोल कूपनवर मिळत होतं. आधी रुग्णवाहिका, एसटी, शाळेच्या गाड्या, मजूर नेणारे ऑटो आणि पेरणीचा ट्रॅक्टर. मग बाकीचे. फवारणी करणाऱ्या मजुराला तहसील कार्यालयाच्या चिठ्ठीवर सुरक्षित कॅनमध्ये ठरावीक पेट्रोल मिळावं.

दुसरी, एसटी. महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. चांगलं आहे. पण सवलत तिकिटावर आहे, आणि गावात गाडीच येत नसेल तर ती सवलत कुठे वापरायची? त्यात जानेवारी 2025 मध्ये भाडं जवळपास 15 टक्क्यांनी वाढलं. आर्वी आगारातून 2021 च्या संपाआधी कोणत्या गावांना किती फेऱ्या होत्या आणि आज किती आहेत, याची माहिती अधिकारात गाववार यादी मागा. हे काम कोणताही कॉलेजचा मुलगा करू शकतो. गावात सकाळी एक आणि संध्याकाळी एक गाडी नक्की आली, तर त्या भाजीवाल्याची मुलगी लिटरच्या भावावर अवलंबून राहणार नाही.

तिसरी, रेल्वे. पुलगाव-आर्वी ही सुमारे 35 किलोमीटरची नॅरोगेज लाइन इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीने टाकली, आपला कापूस बाहेर न्यायला. कापसासाठी जी गाडी धावू शकली, ती माणसांसाठी पुन्हा का धावू शकत नाही? शंभर वर्षांपूर्वी आर्वीला रेल्वे होती आणि आज आर्वीचा विद्यार्थी पेट्रोलवर जगतो, याला प्रगती म्हणायचं का? ब्रॉडगेजची मागणी प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. ती आपल्या जाहीरनाम्यात पहिल्या पाचांत असली पाहिजे.

चौथी, कर. इंधनावरचे उपकर मूळ शुल्कात आणा आणि राज्यांना त्यांचा वाटा द्या. करावर कर बंद करा. कंपन्यांना दिलेली सूट मजुराच्या टाकीतून भरून काढू नका.

पाचवी, चालकांशी बोलल्याशिवाय 106(2) लागू करू नका, आणि त्या टेबलावर फक्त मालकांच्या संघटना नकोत.

आणि आपण स्वतः? पुढच्या 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीला, 6 डिसेंबरला चैत्यभूमीला, 1 जानेवारीला कोरेगावला जाताना गावागावांतून एकट्या-दुकट्या गाड्या काढू नका. वस्तीवार एकत्र बस ठरवा. वर्गणीच्या वहीत एक रकाना इंधनाच्या अडचणीसाठी राखून ठेवा, म्हणजे आमच्यासारखी ढाब्यावर रात्र काढावी लागणार नाही. विहाराच्या फळ्यावर एसटीचं वेळापत्रक आणि पंपाची खरी माहिती लिहा. आणि ज्या पोरीचं कॉलेज भाड्यापायी थांबलं असेल, तिचं नाव गुपचूप कार्यकर्त्यांपर्यंत पोचवा. भाषणं करून झाली, आता एक-एक पास काढून देऊ.

ढाब्यावरचा तो यवतमाळचा भाऊ सकाळी जाताना आमच्या गाडीला हात लावून म्हणाला, 'तुमचा झेंडा बरा आहे दादा, पण आमच्यासाठी कधी निघन?'

आम्ही त्याला तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. हा लेख त्याला दिलेलं उत्तर आहे. पण नुसता लेख पुरेसा नाही, हेही आम्हाला माहीत आहे. आर्वी आगाराच्या फेऱ्यांच्या माहितीचा अर्ज आम्ही या आठवड्यात टाकतो आहोत. तुम्ही तुमच्या तालुक्यात टाका.

जय भीम! जय संविधान!